चीर गेलेलं फ्लायव्हील कुणाच्या नावे करू?

मी, अँब्रोज विल्यम कोर्टे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, राहणार चर्चमागचा रस्ता, सेंट ओडिलिया, राज्य ओहायो, आज बुधवार दिनांक १५ ऑगस्ट २०१८ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती नको इतकी चांगली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. बँकेतून आणलेल्या माहितीपत्रकात म्हटलं आहे की इथे 'कोणाच्याही धाकाशिवाय' असं लिहावं. ते मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. मी धाकानेच लिहितो आहे. धाक माणसाचा नाही. शेडमधल्या ट्रॅक्टरच्या पोटात एक बिडाचं चाक आहे, त्याचा आहे.

शनिवारी काउंटीच्या जत्रेत ट्रॅक्टर ओढीची शर्यत आहे, म्हणजे वजन लादलेली गाडी ट्रॅक्टरने जास्तीत जास्त लांब ओढायची. त्या ट्रॅक्टरवर मी बसणार आहे. खाली उतरताना मी माझ्या पायांनी उतरेन याची खात्री नाही, म्हणून हे आधी उरकतो.

कलम १. घर, त्याखालची पाऊण एकर जागा आणि घरातलं सामानसुमान माझी पत्नी रोझेला हिला. स्वयंपाकघराची खिडकी एकवीस वर्षं नीट लागत नाही. मी 'उद्या बघतो' म्हणालो होतो. रोझेला, आता सुतार बोलाव, माझी वाट पाहू नकोस.

(हे लिहीत असताना ती मागे येऊन उभी राहिली. "काय एवढं लिहितोयस?" म्हणाली. मी म्हणालो, "जत्रेचा फॉर्म." "एवढा मोठा?" "नियम वाढवलेत." ती मक्याची कणसं सोलायला मुद्दाम माझ्यासमोरच बसली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही धडपणे फसवू शकलेलो नाही.)

कलम २. बँकेतली शिल्लक आणि दूध डेअरीचं पेन्शन रोझेलाला. माझ्या थडग्याच्या दगडावर ट्रॅक्टर कोरायचा नाही. आमच्या कबरस्तानात आता पिकांपेक्षा ट्रॅक्टर जास्त झालेत. नाव, दोन तारखा, बस्स. शनिवारी काही झालंच, तर शवपेटी उघडी ठेवायची नाही. हे मी थट्टेने लिहीत नाही.

कलम ३. हत्यारं. वेल्डिंगचा सेट शेजारी अर्बन याला, कारण गेली दहा वर्षं तो त्याच्याकडेच आहे. लेथ माझ्या भाच्याला. पान्यांची लाल पेटी चर्चच्या हॉलची डागडुजी करणाऱ्या मंडळींना. चेनकप्पी दुधवाल्या सहकाऱ्यांपैकी ज्याला हवी त्याला, त्यांनी आपसात भांडून ठरवावं. पोस्टातल्या बाईंना माझा टेबलफॅन, त्या उन्हाळ्यात फार घामाघूम होतात. असं करत करत मी जवळजवळ सगळ्या गावाला काही ना काही देऊन बसलो, आणि मग माहितीपत्रकाचं मागचं पान वाचलं. ज्याला मृत्युपत्रात काही दिलं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. साक्षीदार दोन लागतात. मला ओळखणारा, आणि मी ज्याला काहीही दिलेलं नाही, असा माणूस गावात एकच उरला. त्याचं नाव पुढच्या कलमात आहे.

कलम ४. नॉर्बर्ट विल्केन्स याला मी काहीही देत नाही. हे विसरून नव्हे, ठरवून. नॉर्बर्ट आमच्या ओढ क्लबचा तपासनीस. शर्यतीआधी प्रत्येक ट्रॅक्टरभोवती तो टेप आणि बॅटरी घेऊन फिरतो आणि पास झालेल्याला पिवळा टॅग बांधतो. १९९६ साली त्याने वजनाची गाडी अडकवायची माझी मागची कडी अर्धा इंच उंच आहे म्हणून मला बाद केलं. अर्धा इंच! त्या वर्षी मी पहिला आलो असतो. मी म्हणालो, "नॉर्बर्ट, जमीन तिथे खोलगट आहे." तो म्हणाला, "मग जमिनीला बाद करू का?" सगळे हसले. त्यानंतर बावीस वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. चर्चमध्ये एकमेकांना शांती चिंतून हात मिळवायची वेळ आली की मी बुटाची नाडी बांधतो.

कलम ५. ट्रॅक्टर. हा माझी एकुलती एक मुलगी टेरेसा कोर्टे, घरात टेस, हिला.

(वरची ओळ मी तीनदा खोडून तीनदा लिहिली आहे. खाडाखोडीला माझी सही आहे. कारण खाली लिहितो.)

हे इंजिन मी कसं बांधलं ते गावाला तोंडपाठ आहे, कारण मीच सांगत सुटलो होतो. दोन वर्षांपूर्वी, चर्चच्या तळलेल्या माशांच्या जेवणावेळी, पैसेवाल्या पोरांचे चकचकीत ट्रॅक्टर बघून माझं डोकं फिरलं. मी टेबलावर चमचा आपटून म्हणालो, "दोन हजार डॉलरात इंजिन बांधून दाखवतो आणि ह्या सगळ्यांना धूळ चारतो. एक डॉलर वर गेला तर नाव बदलीन." रोझेला म्हणाली, "बटाटे खा आधी." पण शब्द तोंडातून गेला होता.

इंजिनाचा ब्लॉक अर्बनच्या बांधावर पडला होता, त्यातून मलबेरीचं झाड उगवलं होतं. झाड कापलं, ब्लॉक उकळून धुतला, भोकं मोठी करून घेतली. पिस्टन भंगारातल्या फोर्कलिफ्टचे. मापात बसत नव्हते, लेथवर बसवले. कार्बोरेटर शेताला पाणी देणाऱ्या पंपाचा. हेड घासून द्यायला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने डुकराच्या मांसाचे दहा पौंड सॉसेज घेतले, पैसे घेतले नाहीत. टेस दर शनिवारी यायची. तिची अंड्यांच्या कारखान्यातली पाळी संपली की थेट शेडमध्ये. व्हॉल्व्ह तिनेच घासून बसवले, एकेक, तासन् तास. आम्ही दोघं घरात फारसं बोलत नाही. शेडमध्ये मात्र खूप बोललो. ती तेव्हा नवऱ्यापासून नुकतीच वेगळी झाली होती. त्याबद्दल एक अक्षर निघालं नाही, सगळं व्हॉल्व्हबद्दलच होतं, पण मला कळत होतं. मी खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली ती चांगली दोन वर्षं.

आता चाकाचं. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असतं. जड, जेवणाच्या ताटाहून बरंच मोठं, ड्रायव्हरच्या पायांच्या किंचित पुढे. आमच्या ट्रॅक्टरचं मूळ चाक बिडाचं आहे आणि मिनिटाला सतराशे फेऱ्यांसाठी ओतलेलं आहे. मी फेरे आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून इंजिन अठ्ठावीसशेवर नेलं. ओढीला फेरे लागतात. पैसेवाले अशा वेळी पोलादाचं चाक बसवतात. ते घेतलं असतं तर माझी दोन हजारांची हद्द गेली असती. म्हणून मी जुनंच ठेवलं.

१ जूनला, टेस घरी गेल्यावर, ते बसवण्याआधी मी त्यावर चीर शोधायचा लाल रंग फवारला, पुसला, वरून पांढरी पूड मारली. पुडीतून एक लाल रेघ वर आली. बोल्टच्या भोकापासून बाहेर, बोटाच्या दोन पेरांएवढी. मी पुसलं. पुन्हा फवारलं. रेघ पुन्हा आली. मग चाक दोरीला टांगून हातोडीने ठोकलं. चांगलं बीड घुमतं, नाद मागे राहतो. हे ठोकलं तर नुसता ठप्प असा आवाज आला, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. मी तिसऱ्यांदा फवारलं नाही. चीर आतल्या बाजूला करून चाक बसवलं, क्लच बसवला, ट्रॅक्टरचे दोन भाग जोडून बोल्ट आवळले. भोवती नियमाप्रमाणे पोलादी पट्टा आहे, तुकडे उडाले तरी पट्टा अडवेल, असं स्वतःला सांगत हात धुतले आणि जेवायला गेलो.

ज्याने १९७९ साल पाहिलंय त्याने असं करायला नको होतं. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा. शेजारच्या काउंटीत माझ्या डोळ्यांसमोर एकाचं बिडाचं चाक फुटलं. आवाज झाला आणि ट्रॅक्टर मधोमध वाकला. एक तुकडा प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पलीकडच्या पार्किंगमध्ये गेला. ड्रायव्हर सीटवर बसलेलाच होता आणि विचारत होता, "काय झालं? काय झालं?" त्याचा बूट मी उचलला. बूट रिकामा नव्हता.

आणि तरीही २३ जूनला मी टेसला त्या सीटवर बसू दिलं.

हे कुणालाही माहीत नाही. रोझेलाला नाही, पाद्रीबाबांना कबुलीजबाबातसुद्धा सांगितलं नाही. मी कुंपणाशी उभा होतो. तिने वजनाची घसरगाडी जोडली, हिरवा झेंडा पडला, ती सुटली. जसजसा ट्रॅक्टर पुढे जातो तसतसं गाडीवरचं वजन सरकत पुढे येतं आणि इंजिन कळवळायला लागतं. मी इंजिन ऐकत नव्हतो, मी चाक ऐकत होतो. दोनशे फुटांवर मला सहन होईना. मी दोन्ही हात वर करून हलवायला लागलो, थांब, थांब म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि थ्रॉटल आणखी ओढला. तिला वाटलं मी शाबासकी देतोय. दुसरी आली ती. ढाल घेऊन धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचे हात बघून जोर आला." मी तिच्यावरच रेललो. लोकांना वाटलं, बाप भावुक झाला.

तेव्हाच सांगायचं. नाही सांगितलं. प्रत्येक दिवस गेला की सांगणं आणखी अवघड झालं, कारण मग 'काल का नाही सांगितलं' हेही सांगावं लागतं. माझ्या तोंडात जीभ आहे की नाही, अशी गत झाली. ती संध्याकाळी येऊन इंजिन गरम करायची तेव्हा मी काही ना काही कारण काढून पेट्रोल बंद करायच्या कॉकशी उभा राहायचो. खाल्लेलं अंगी लागत नाही. कमरेचा पट्टा टाइट करायला दोन भोकं नवीन पाडली.

मग मला वाटलं, सोपा मार्ग आहे. शनिवारी मीच बसतो. फुटलं तर माझ्यावर फुटेल. गेल्या रविवारी टेसला म्हणालो, "यंदा जत्रेत मी चालवणार."

"का?" ती म्हणाली.

"माझा ट्रॅक्टर आहे."

"कंबर धड वाकत नाही तुमची. चार वर्षांत चढला नाहीत त्यावर."

"तुला अजून नीट जमत नाही." हे मी बोललो. मला दुसरं काही सुचलं नाही.

तिचा चेहरा पडला. "दुसरी आले मी, पप्पा."

"पहिली नाही ना आलीस."

तिने हातातलं फडकं घडी करून बाकावर ठेवलं. फेकलं असतं तर बरं वाटलं असतं. "नाव माझं लागलंय शनिवारी," ती म्हणाली, "आणि बसणारही मीच. तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही, तर तसं तोंडावर सांगा." मी ते फडकं उचलून हात पुसत बसलो. तेव्हापासून ती आलेली नाही. पण शेडची दुसरी किल्ली तिच्याकडे आहे. कालपासून माझे कान शेडकडे लागलेत. ती माझ्याआधी येऊन ट्रॅक्टर घेऊन गेली तर मी काय करणार आहे, ते मला माहीत नाही.

तर हा ट्रॅक्टर मी टेसला देतो असं लिहिताना पेन का अडतं, ते आता कळलं असेल. जिला तो द्यायचा ती त्यावर बसणार.

कलम ६. गुरुवार दिनांक १६. आज दुपारी साक्षीला मी नॉर्बर्ट विल्केन्सला बोलावलं. फोनवर बावीस वर्षांनी माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "कोण मेलं?" मी म्हणालो, "अजून कोणी नाही. एका कागदावर सही हवी." तो आला. रोझेलाने त्याला कॉफी दिली आणि दोघांकडे आळीपाळीने बघत दारात उभी राहिली.

मी त्याला शेवटचं पान दाखवलं, सही करायची जागा दाखवली. त्याने चष्मा काढला, पुसला, लावला. "पहिल्या पानापासून वाचणार," म्हणाला.

"साक्षीदाराला वाचावं लागत नाही. पत्रकात लिहिलंय."

"न तपासता मी आजवर कशावर सही केलेली नाही. तुला तर चांगलंच माहीत आहे."

तो वाचणार हे मला आधीच ठाऊक होतं. बहुतेक त्यासाठीच मी त्याला बोलावलं. स्वतःच्या तोंडाने सांगायची माझी छाती नव्हती. चौथं कलम वाचताना त्याला थोडं हसू आलं. "खोलगट होती जमीन," तो म्हणाला, "मी नंतर जाऊन मोजली होती." मग पाचवं कलम आलं. तो हळू हळू वाचत गेला. कॉफीला त्याने हात लावला नाही. वाचून झाल्यावर त्याने कागद रोझेलाकडे दिले. मी अडवायला हात पुढे केला, पण अर्ध्यावरच थांबलो.

रोझेलाने उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "त्या शर्यतीच्या दिवशी मी सँडविच बांधून दिले होते तुम्हा दोघांना." एवढंच. ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं.

नॉर्बर्ट उठला. "पाने कुठेत?" म्हणाला.

"टॅग देऊ नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो, "चीर सापडली म्हण. तू शोधलीस म्हण."

"टॅग मी देणार नाहीच. पण चीर मी शोधलेली नाही, अँब्रोज. मी तर जूनमध्ये बाहेरून पट्टा बघून टॅग बांधला होता, ते माझं मला बघायचंय. अकरा आठवडे तुझे आहेत. ते तूच सांग तिला."

आम्ही दोघांनी ट्रॅक्टर मधोमध सोडवला. तो बोल्ट काढायचा, मी मोजून डब्यात टाकायचो. एकदा इंजिन हाताने फिरवून बघत तो म्हणाला, "व्हॉल्व्ह कुणी बसवले? झकास बसलेत." मी म्हणालो, "टेसने." त्याने पुढचा बोल्ट काढला. चाक बाहेर काढून चेनकप्पीला टांगून ठेवलं. ते ठोकायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.

कलम ७. शुक्रवार दिनांक १७, सकाळ. टेस रात्रपाळी संपवून ट्रॅक्टर न्यायला आली. शेडच्या दारात थबकली. ट्रॅक्टर दोन तुकड्यांत, मधे चाक लटकलेलं, नॉर्बर्ट बादलीवर बसलेला, आई कोपऱ्यात.

"हे काय केलंत?" ती म्हणाली.

मी हातोडी तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि एकदा ठोकलं. ठप्प. तिने चाक थोडं फिरवून दुसऱ्या बाजूला ठोकलं. ठप्प. ती दोन वर्षं माझ्या शेजारी काम करत होती, तिला शिकवायची गरज नव्हती. बोटाने चाचपत ती बोल्टच्या भोकापाशी आली. लाल रंगाचा डाग तिथे अजून होता. चीर आता दोन पेरांची राहिली नव्हती. माझ्या मधल्या बोटाएवढी झाली होती, पार काठाजवळ पोहोचलेली.

"कधीपासून माहीत होतं?"

"एक जून."

मी तिला मनातल्या मनात दिवस मोजताना पाहिलं. "मी बसले होते," ती म्हणाली, "तेवीसला."

"हो."

"तुम्ही हात हलवत होता."

"थांब म्हणत होतो."

तिने हलणारं चाक हाताने धरून स्थिर केलं. मग म्हणाली, "आणि रविवारी मला म्हणालात, तुला जमत नाही." मी 'हो' म्हणालो. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. ती हातोडी ठेवून बाहेर गेली. मला वाटलं गाडीत बसून जाईल. ती तशीच घरात गेली, टेबलावरचे कागद घेतले आणि सगळे वाचून काढले. हे मी तिच्या समोर बसून लिहितो आहे. वर जे लिहिलं ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. तिने पेन मागितलं.

नॉर्बर्ट म्हणाला, "पोरी, तू सही केलीस तर ट्रॅक्टर तुला मिळणार नाही. मागच्या पानावर आहे."

"मला वाचता येतं, नॉर्बर्टकाका," ती म्हणाली.

मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. मी अजून घाबरलेलो आहे, पण चाकाला नाही. ती माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलेल का, त्याला घाबरतो आहे. पाचव्या कलमाचं आता काय व्हायचं ते होवो, मी ते खोडत नाही. माझी इच्छा तीच आहे. पोलादी चाक बसवल्याशिवाय तो ट्रॅक्टर कुणीही सुरू करू नये. मी हद्द ओलांडायला तयार आहे आणि नावही बदलायला तयार आहे. बिडाचं चाक कुणाच्याही नावे करत नाही. ते आज दुपारी घणाने फोडायचं आहे.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे.

सही: अँब्रोज विल्यम कोर्टे
स्थळ: स्वयंपाकघर, सेंट ओडिलिया, ओहायो. दिनांक: १७ ऑगस्ट २०१८.

साक्षीदार १: नॉर्बर्ट विल्केन्स. सर्व पानं वाचून, तपासून सही केली. चौथ्या कलमाबद्दल तक्रार नाही. जूनमधला टॅग मी बांधला होता, याची नोंद असावी.

साक्षीदार २: टेरेसा कोर्टे. वडिलांनी सगळं माझ्यासमोर वाचलं. ते घाबरलेले होते, पण शुद्धीवर होते. पाचव्या कलमात माझं नाव आहे हे माहीत असून सही करते आहे. मला ह्या कागदातून काही नको. उद्या दुपारी ते माझ्याबरोबर जत्रेला येतील आणि कुंपणाशी माझ्या शेजारी उभे राहतील. हात हलवायचे नाहीत. सांगायचं असेल ते तोंडाने सांगायचं.